आईने दाखवलेलं आकाश

उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर संध्याकाळी बायकांचा अड्डा जमतो. निमित्त वाळवणं उचलायचं, पण खरी ओढ गार वाऱ्याची आणि गप्पांची. परवा अशाच बसलो होतो. अंधार पडायला लागला आणि पश्चिमेकडून एक ठळक ठिपका आकाशात सरकत सरकत वर आला. विमानासारखा लुकलुकत नव्हता, आवाजही नव्हता. चार-पाच मिनिटांत डोक्यावरून गेला आणि पलीकडे अंधारात विरून गेला. शेजारच्या कॉलेजकुमाराने मोबाइल बघून जाहीर केलं, की ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक होतं. त्याची धाकटी बहीण, वय वर्षं सहा, तिने लगेच विचारलं, की ते इतकं जड आहे तर खाली पडत कसं नाही?

झालं! आम्ही सगळ्या आया एकमेकींकडे बघायला लागलो. एकीने बाबांना विचार म्हणून सुटका करून घेतली, दुसरीला एकदम कुकर आठवला. मी मात्र अडकले. कारण ह्या प्रश्नाच्या उत्तराचा निदान अर्धा भाग ज्या माणसाने शोधला, त्याची गोष्ट मला ठाऊक होती. आणि ती गोष्टही अशाच एका सहा वर्षांच्या मुलापासून सुरू होते. त्याला हात धरून आकाश दाखवायला नेणारी त्याची आई होती. पुढे त्याच आईला चेटकीण ठरवून जिवंत जाळायची वेळ आली, तेव्हा तिला वाचवायला उभा राहिला तो तिचा हाच मुलगा. योहान्स केप्लर.

शाळेच्या पुस्तकात केप्लर आपल्याला तीन नियमांपुरता भेटतो. दोन मार्कांना विचारतात, आपण पाठ करतो आणि विसरतो. त्या तीन नियमांच्या मागे केवढा संसार आणि केवढं दुःख होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१चा, जर्मनीतल्या वाइल डेअर श्टाट नावाच्या लहानशा गावातला. दिवस पुरे व्हायच्या आधीच जन्मलेलं, अशक्त पोर. आजोबा एके काळी गावचे महापौर होते, पण आता घराणं उतरणीला लागलेलं. बाप हाइनरिश भाडोत्री सैनिक. पैसे देईल त्याच्या बाजूने लढायचं, मधूनच घरी यायचं, भांडायचं आणि पुन्हा निघून जायचं. शेवटी एकदा गेला तो परत आलाच नाही. आई काटारीना खाणावळवाल्याची मुलगी. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण झाडपाल्याची माहिती उत्तम. कुणाला ताप आला, पोट दुखलं, की तिच्याकडचा काढा ठरलेला. आपल्याकडच्या आजीबाईच्या बटव्यासारखंच म्हणा ना!

नवरा लढाईवर गेला म्हणून ती त्याला शोधायला परमुलखात गेली होती, तेव्हा लहानगा योहान्स आजी-आजोबांकडे होता. त्या दिवसांत त्याला देवी आल्या. जीव वाचला, पण नजर कायमची अधू झाली. पुढे आयुष्यभर आकाशाचा हिशेब मांडणाऱ्या ह्या माणसाला तारे नीट दिसत नसत, ही केवढी विचित्र गोष्ट!

१५७७च्या नोव्हेंबरात युरोपच्या आकाशात मोठा धूमकेतू उगवला. धूमकेतू म्हणजे अपशकुन, रोगराई, राजाचं मरण, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत. लोक दारं लावून प्रार्थना करत होते. काटारीनाने काय केलं? आपल्या सहाव्या वर्षात असलेल्या मुलाचा हात धरला, त्याला उंचावर घेऊन गेली आणि तो धूमकेतू दाखवला. तिला त्यातलं शास्त्र कळत नव्हतं. पण मुलाला भिववण्याऐवजी तिने दाखवलं. पुढे नऊ वर्षांचा असताना त्याला चंद्रग्रहण बघायला घराबाहेर बोलावलं होतं. तेव्हाचा लाल चंद्रही त्याच्या कायम लक्षात राहिला.

आणि योगायोग बघा, त्याच १५७७च्या धूमकेतूचं माप डेन्मार्कमध्ये बसून टायको ब्राहे नावाचा एक सरदार घेत होता. तो धूमकेतू चंद्राच्याही पलीकडे आहे, हे त्याने दाखवून दिलं. ह्या दोघांची गाठ पडायला अजून तेवीस वर्षं होती.

मुलगा हुशार निघाला. घरच्या खाणावळीत कामाला जुंपल्यामुळे शाळा मधेच सुटायची, पुन्हा सुरू व्हायची. पण शिष्यवृत्ती मिळाली आणि तो १५८९मध्ये ट्युबिंगेनच्या विद्यापीठात पोचला. व्हायचं होतं धर्मोपदेशक. तिथे मेस्टलिन नावाचे गुरू भेटले आणि त्यांनी कोपर्निकसचं मत समजावलं. मधे सूर्य आहे आणि पृथ्वीसकट सगळे ग्रह त्याच्याभोवती फिरतात, हे त्या काळात उघडपणे म्हणणारी माणसं फार थोडी होती. केप्लरच्या मनाने ते घेतलं ते कायमचं.

१५९४मध्ये त्याला ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली. त्या नोकरीत दरवर्षी पंचांग करायचं आणि भविष्यही वर्तवायचं असे. केप्लरने पहिल्याच वर्षी कडाक्याची थंडी पडेल आणि तुर्कांची स्वारी होईल असं लिहिलं. दोन्ही खरं ठरलं आणि तरुण मास्तरांचं नाव झालं! पत्रिकांचं काम त्याने पुढे आयुष्यभर केलं. पगार थकला की त्यावरच चूल पेटायची. त्यातल्या बऱ्याचशा भाकितांवर त्याचा स्वतःचा विश्वास नव्हता, पण आकाशाचा आणि माणसाचा काहीच संबंध नाही असंही तो मानत नव्हता. तो त्याच्या काळाचा माणूस होता, हे विसरून चालणार नाही.

१५९७मध्ये त्याचं लग्न झालं. बार्बरा म्युलर ही श्रीमंत गिरणीमालकाची मुलगी. वय तेवीस, पण दोनदा विधवा झालेली, पदरी रेगिना नावाची लेक. कफल्लक मास्तराला मुलगी द्यायला सासरा तयार नव्हता. शेवटी लग्न झालं, पण पहिली दोन्ही मुलं तान्ही असतानाच गेली. त्यातच ग्राट्समध्ये प्रॉटेस्टंटांना धर्म बदला नाहीतर गाव सोडा असा हुकूम निघाला. केप्लरने १६००मध्ये गाव सोडलं.

त्याच वर्षी तो प्रागला टायको ब्राहेकडे आला. टायको सम्राट रुडॉल्फचा राजगणिती. दुर्बीण अजून निघालेली नव्हती. नुसत्या डोळ्यांनी आणि प्रचंड मोठ्या मापनयंत्रांनी त्याने वर्षानुवर्षं ग्रहांच्या जागा टिपून ठेवल्या होत्या. एकाकडे नोंदींचा खजिना, दुसऱ्याकडे गणिताची बुद्धी. पण टायको आपल्या नोंदी सहजासहजी हाती लागू देईना. एखादी खाष्ट सासू कपाटाच्या किल्ल्या कमरेला लावून फिरते ना, तसं. त्याने केप्लरला सगळ्यांत अवघड काम दिलं, मंगळाचा मार्ग शोधायचं. वर्षभरातच, २४ ऑक्टोबर १६०१ रोजी टायको वारला आणि राजगणिती म्हणून केप्लरची नेमणूक झाली.

आपल्याकडे मुलीच्या पत्रिकेतल्या मंगळाने किती घरांची झोप उडवली असेल, त्याची गणती नाही. केप्लरचीही झोप मंगळानेच उडवली, पण कारण वेगळं. दोन हजार वर्षं सगळे विद्वान धरून चालले होते, की आकाशातली गती म्हणजे वर्तुळ. वर्तुळ हा परिपूर्ण आकार, तेव्हा देवाने दुसरा कशाला निवडला असेल? केप्लरनेही मंगळाला वर्तुळात बसवायचा प्रयत्न केला. एकेक गणित पुन्हा पुन्हा, सत्तर-सत्तर वेळा मांडलं. कॅल्क्युलेटर नाही, साधी लॉगॅरिदमची कोष्टकंसुद्धा नाहीत. शेवटी जवळजवळ जमलं. टायकोच्या नोंदी आणि त्याचं गणित यांत फरक राहिला तो फक्त आठ कलांचा. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला जेवढा रुंद दिसतो, त्याच्या साधारण पाव भागाएवढा.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चालायचंच, टायकोची मोजताना चूक झाली असेल. पण टायको आठ कलांची चूक करणारा नव्हता, हे केप्लरला माहीत होतं. त्याने आपलं सगळं काम बाजूला टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अनेक वर्षांच्या झटापटीनंतर उत्तर हाती लागलं. मंगळाचा मार्ग वर्तुळ नव्हताच. तो लांबट वर्तुळासारखा, म्हणजे लंबवर्तुळ होता. १६०९मध्ये हे सगळं पुस्तकरूपाने छापून आलं.

लंबवर्तुळ म्हणजे काय, ते आपल्याला रांगोळीवरून छान कळेल. मोठं वर्तुळ काढताना आपण मधे एका ठिकाणी दोरा धरतो आणि दुसऱ्या टोकाला खडू बांधून फिरवतो. आता एकाऐवजी दोन टाचण्या थोड्या अंतरावर टोचा. त्या दोन्हींभोवती सैलसर दोऱ्याची गाठ मारलेली कडी टाका आणि दोरा ताणून खडू फिरवा. जो लांबट आकार उमटेल ते लंबवर्तुळ. सूर्य मध्यभागी नसतो, त्या दोन टाचण्यांपैकी एकीच्या जागी असतो. दुसऱ्या टाचणीच्या जागी काहीच नाही.

हा पहिला नियम. दुसरा असा, की ग्रह सूर्याच्या जवळ आला की जोरात पळतो आणि लांब गेला की रेंगाळतो. ह्याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरात टांगलेला आहे. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि २१ मार्च ते २३ सप्टेंबर दिवस मोजा. १८६ भरतात. मग २३ सप्टेंबर ते पुढचा २१ मार्च मोजा, तर एरवीच्या वर्षी १७९च. दोन्ही वेळा पृथ्वीने सूर्याभोवती अर्धी फेरीच घातलेली असते. मग सात दिवसांचा फरक का? कारण जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि त्या अर्ध्या भागात ती वेगाने जाते.

प्रागमध्ये असतानाच गॅलिलिओच्या दुर्बिणीची बातमी आली. गुरूभोवती चार चंद्र फिरताना दिसले होते. केप्लरनेही एक दुर्बीण उसनी मिळवून ते पाहिले आणि त्यांच्यासाठी एक लॅटिन शब्द वापरला. त्याचा अर्थ, मोठ्या माणसाच्या आगेमागे राहणारे सेवक, रक्षक. तोच हा आपला सॅटेलाइट! पाऊस आला आणि मालिकेचं चित्र गेलं, की आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो तो शब्द आकाशासाठी केप्लरने चारशे वर्षांपूर्वी वापरला.

१६११ साल मात्र त्याच्या घराला फार वाईट गेलं. सहा वर्षांचा फ्रीड्रिश देवीने गेला. बार्बरा आधीच आजारी होती, काही महिन्यांत तीही गेली. आश्रयदात्या सम्राटाची गादी गेली. नऊ वर्षांची सुझाना आणि चार वर्षांचा लुडविग ह्या दोन मुलांना सांभाळत केप्लर पुढच्या वर्षी ऑस्ट्रियातल्या लिंत्स गावी नोकरीला आला.

मुलांना आई हवी म्हणून दुसऱ्या लग्नाचा विचार सुरू झाला. आणि इथे हा गणिती पुरता गोंधळला. त्याने चक्क अकरा स्थळं पाहिली! प्रत्येकीचे गुण-दोष, वय, घराणं, सगळं तोलून एका लांबलचक पत्रात लिहून ठेवलं. शेवटी निवडलं पाचव्या मुलीला. सुझाना रॉइटिंगर, वय चोवीस, आईवेगळी, बापावेगळी, हुंडा नाही. मित्रांनी नाकं मुरडली, पण हा निर्णय अगदी बरोबर निघाला. तिने सवतीच्या मुलांना माया लावली आणि पुढच्या साऱ्या वादळात घर धरून ठेवलं. ह्याच सुमाराला घरी द्राक्षमद्याची पिंपं आणली होती. व्यापारी पिंपात तिरकी काठी घालून, तिच्यावरच्या खुणेवरून किंमत सांगायला लागला. पिंपाचा आकार कसाही असला तरी माप तेच कसं, ह्यावर केप्लर अडून बसला आणि १६१५मध्ये त्यावर आख्खं गणिताचं पुस्तक लिहून मोकळा झाला.

त्याच १६१५ सालाच्या शेवटी बहिणीचं पत्र आलं. आईवर चेटकाचा आळ आला होता.

काटारीना तेव्हा लेओनबर्ग गावात एकटी राहत होती. वय सत्तरीच्या घरात. बोलायला फटकळ, दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची सवय, काढे देण्याचा उद्योग चालूच. उर्सुला राइनबोल्ड नावाच्या बाईशी तिचं बिनसलं आणि त्या बाईने सांगायला सुरुवात केली, की काटारीनाने मला कडू पेय पाजलं आणि तेव्हापासून मी आजारी आहे. एकीने म्हटल्याबरोबर दहा जणींना काय काय आठवायला लागलं. कुणाची गाय मेली होती, कुणाचं मूल. विटा वाहून नेणाऱ्या एका मुलीचा हात दुखला, तर म्हातारी शेजारून गेली म्हणून दुखला! गावच्या अंमलदाराचं आरोप करणाऱ्यांशी सूत होतं. त्यात म्हातारीने घाबरून त्याला चांदीचा पेला देऊ केला आणि स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला.

चेटकाचा गुन्हा शाबित झाला तर शिक्षा एकच, जाळणे. आणि कबुली मिळवायचा मार्गही एकच, छळ. तो सुरू झाला की कोण काय कबूल करणार नाही?

केप्लरने लांबूनच अर्ज-विनंत्या सुरू केल्या. १६१६च्या अखेरीस आई काही महिने लिंत्सला त्याच्याकडे येऊन राहिली, पण घराच्या ओढीने परत गेली. प्रकरण चिघळतच राहिलं. इकडे त्याच्या दुसऱ्या संसारातल्या दोन चिमुरड्या मुली सहा महिन्यांच्या आत गेल्या. त्यातली दुसरी, आजीचंच नाव ठेवलेली काटारीना, १६१८च्या फेब्रुवारीत गेली. नेहमीची आकडेमोड हातून होईना, तेव्हा त्याने मन रमवायला विश्वातल्या सुसंवादाचा, सूर-तालाचा आपला जुना विषय काढला. आणि १५ मे १६१८ रोजी तिसरा नियम त्याच्या हाती लागला. त्यानंतर आठच दिवसांनी प्रागमध्ये ठिणगी पडली आणि युरोपला तीस वर्षं जाळणारं युद्ध सुरू झालं.

तिसरा नियम सांगतो, की ग्रह जितका लांब तितकी त्याची फेरी मोठी, हे तर खरंच, पण तो वेळ एका ठरलेल्या हिशेबाने वाढतो. अंतराचा घन आणि काळाचा वर्ग यांची सांगड कायम. घाबरू नका, एक सोपा हिशेब बघू. आपल्या टीव्हीचे उपग्रह पृथ्वीपासून साधारण ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांची फेरी बरोबर एका दिवसाची असते. म्हणून तर ते एकाच जागी टांगल्यासारखे दिसतात आणि डिशचं तोंड रोज फिरवावं लागत नाही. पृथ्वीच्या मध्यापासून मोजलं तर चंद्र त्यांच्या साधारण नऊपट लांब आहे. आता नऊ नव्वे एक्क्याऐंशी, आणि त्याला पुन्हा नवाने गुणलं की ७२९. आता कोणत्या आकड्याला त्याच आकड्याने गुणलं की ७२९ येतात? सत्तावीसला! आणि चंद्राची पृथ्वीभोवतीची फेरी किती दिवसांची? सत्तावीस दिवसांची, थोडी वरच. आपली सत्तावीस नक्षत्रं त्याच फेरीची. उपग्रहाची कल्पनाही नसलेल्या माणसाचा हिशेब आपल्या उपग्रहाला असा चपखल बसतो.

७ ऑगस्ट १६२०च्या रात्री काटारीनाला मुलीच्या घरातून अटक झाली. कपड्यांच्या पेटीत घालून तिला घराबाहेर काढलं, म्हणजे आरडाओरडा नको. साखळदंड घालून कोठडीत डांबलं. त्या एवढ्याशा म्हातारीवर दोन पहारेकरी, आणि त्यांचा आणि जळणाच्या लाकडांचा खर्चही तिच्याच मालमत्तेतून!

आता केप्लरने आपलं सगळं काम गुंडाळून ठेवलं. युद्धामुळे लिंत्स सुरक्षित नव्हतं. गरोदर सुझानाला आणि मुलांना त्याने रेगेन्सबर्गला ठेवलं आणि स्वतः आईसाठी निघाला. तिकडे सुझाना एकटीने बाळंत झाली, इकडे तो वर्षभर कोर्टाची पायरी चढत राहिला. साम्राज्याचा राजगणिती एका चेटकिणीचा मुलगा म्हणून उभा राहिला. किती जणांनी तोंड फिरवलं असेल! आरोपी आपल्या गणिती मुलाला घेऊन हजर झाली, हे दुर्दैवच, अशा अर्थाची कुरकुर तिथल्या कारकुनाने नोंदीत करून ठेवली आहे.

केप्लरच्या मनात आणखी एक काटा सलत होता. तरुणपणी घरातल्या माणसांच्या पत्रिका मांडताना त्याने आईबद्दल फार कडू लिहिलं होतं. काळीसावळी, किडमिडी, भांडकुदळ, जिभेला हाड नसलेली. आरोप करणारे आज वेगळं काय म्हणत होते? शिवाय त्याने चंद्रावरच्या प्रवासाची एक कल्पित कथा लिहिली होती. स्वप्न असं तिचं नाव. तिच्यातली नायकाची आई जडीबुटी विकते आणि पिशाच्चांशी बोलते! हस्तलिखित हातोहात फिरलं आणि त्यातूनच आईबद्दलच्या कुजबुजीला खतपाणी मिळालं, ही टोचणी त्याला कायमची लागली.

बचाव मात्र त्याने हुंदके देऊन केला नाही. मंगळाच्या वेळी केलं तेच त्याने पुन्हा केलं. एकेक साक्ष घेतली आणि तपासली. कोण काय म्हणतं, कधी म्हणालं, आधी काय म्हणाली होती, आता काय म्हणते. हात दुखला तो वाजवीपेक्षा जास्त विटा उचलल्याने. राइनबोल्डबाईचं दुखणं जुनं आणि चुकीच्या औषधांचं. प्रत्येक आजाराला साधं, रोजच्या जगण्यातलं कारण आहे. म्हातारी रडत नाही हा गुन्हा कसा होईल? १२८ पानांचा लेखी बचाव त्याने कोर्टापुढे ठेवला. ट्युबिंगेनच्या कायदेपंडितांत त्याचा जुना मित्र बेसोल्ड होता, त्याचीही मदत झाली.

निकाल अर्धवट लागला. पुरावा छळ करण्याइतका नाही, पण छळाची हत्यारं दाखवून भीती घालावी. २८ सप्टेंबर १६२१ रोजी काटारीनाला त्या खोलीत नेलं. समोर जल्लाद. प्रत्येक हत्यार काय करतं ते समजावून सांगितलं. त्या वेळी मुलगा जवळ नव्हता. वकील नव्हता. चौदा महिने साखळीला बांधलेली सत्तरीपारची निरक्षर बाई एकटी उभी होती. एक शब्द चुकला असता तर संपलं होतं. तिने काहीही कबूल केलं नाही. अंगातली एकेक शीर उपटलीत तरी कबूल करण्यासारखं माझ्याजवळ काही नाही असं सांगितलं, गुडघे टेकले आणि प्रार्थना म्हटली.

ती सुटली. मुलाच्या १२८ पानांनी तिला त्या दारापर्यंत नेलं, पण आतून बाहेर ती स्वतःच्या हिमतीवर आली, असं मला वाटतं. गावाने तिला परत घेतलं नाही. दगड मारायच्या धमक्या होत्या. सहा महिन्यांनी, एप्रिल १६२२मध्ये ती वारली.

केप्लर त्यानंतर आठ वर्षं जगला. १६२७मध्ये ग्रहांची मोठी कोष्टकं छापून टायकोचं ऋण फेडलं. थकलेल्या पैशांची वसुली करायला म्हणून घोड्यावरून रेगेन्सबर्गला गेला, तिथे आजारी पडला आणि १५ नोव्हेंबर १६३०ला गेला. युद्धात ती दफनभूमीही उद्ध्वस्त झाली, आज त्याची कबर नाही. पण पुढच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १६३१ रोजी, बुध सूर्यबिंबावरून जाताना पॅरिसमध्ये दिसला. केप्लरने सांगून ठेवलं होतं तसाच.

आणि ती चंद्राची कथा? आई गेल्यावर त्याने तिला दोनशेच्या वर टिपा जोडल्या. प्रत्येक गोष्टीमागचं शास्त्र उलगडून दाखवलं, म्हणजे पुन्हा कुणी त्यात चेटूक शोधू नये. ती छापून आली १६३४मध्ये, मुलगा लुडविगच्या हातून. त्या कथेत चंद्राकडे निघालेल्यांना सुरुवातीचा धक्का तेवढा जबर बसतो, आणि पुढे शरीर आपोआप वाहत जातं. आजचं अग्निबाण-उड्डाण बघताना हे आठवलं की थक्क व्हायला होतं.

सॅटेलाइट का पडत नाही, ह्याचं पूर्ण उत्तर न्यूटनने १६८७मध्ये दिलं. ग्रह कसे फिरतात ते केप्लरने अचूक सांगितलं, पण का फिरतात, ह्याबद्दलचा त्याचा अंदाज चुकला होता. न्यूटनने दाखवलं, की ते पडतच असतात! चेंडू जोरात फेकला की लांब जाऊन पडतो. आणखी जोरात फेकला तर आणखी लांब. पुरेशा वेगाने फेकला तर तो पडेपर्यंत खालची गोल जमीनच वळून दूर गेलेली असते. मग तो पडतच राहतो आणि जमीन कधी येतच नाही. आपण गच्चीवरून पाहिलेलं ते स्थानक ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने असंच पडतंय, दीड तासात एक फेरी. आपलं मंगळयान २०१४मध्ये मंगळापाशी पोचलं, तेही लंबवर्तुळातच फिरलं. ज्या मंगळाने केप्लरला तो आकार शिकवला, त्याच्याच भोवती.

ही फार जुनी, परमुलखातली गोष्ट म्हणून सोडून द्यावीशी वाटते. पण आपल्याच सातपुड्याच्या पाड्यांवर एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. त्याविरुद्ध महाराष्ट्रात कायदा आला तो २०१३मध्ये. तिथेही गोष्ट तशीच असते. एकटी बाई, थोडीशी जमीन, कुणाचं तरी दुखणं, आणि कारण शोधायचा कंटाळा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या छोटीला गच्चीवर नेलं. चेंडू घेतला, दोरा घेतला, खडू घेतला. तिला किती कळलं कोण जाणे! तीन वेळा चेंडू खाली पार्किंगमध्ये गेला, एवढं मात्र नक्की. पण खाली उतरताना तिने विचारलं, की उद्या पण तो ठिपका येणार का. मी म्हटलं, बघू या. उद्या पुन्हा येऊ.